टाकाऊ द्रावणाचाही ताळेबंद

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पर्यावरणाचा विषय बहुधा प्रकरणाच्या शेवटी, एखाद्या चौकटीत येतो. विद्यार्थी ती चौकट वाचतात, परीक्षेपुरती लक्षात ठेवतात आणि पुढच्या तासाला प्रयोगशाळेत येऊन परीक्षानळीतले उरलेले द्रावण सवयीने बेसिनमध्ये ओततात. चौकटीतला मजकूर आणि बेसिनमध्ये जाणारे द्रावण यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. मी शाळेच्या वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते, आणि हा संबंध प्रात्यक्षिकांतूनच दिसावा यासाठी गेल्या काही वर्षांत मी प्रयोगांची निवड, त्यांचा क्रम आणि प्रयोगवहीची मांडणी हळूहळू बदलत आणली. त्या बदलाचा हा वृत्तान्त आहे.

सुरुवातीला मी स्वतःसाठी दोन अटी घातल्या. पहिली अशी की, कोणताही प्रयोग केवळ पर्यावरणाचा आहे म्हणून घ्यायचा नाही. मोल संकल्पना, समतोल, अनुमापन (ठाऊक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्यातील पदार्थाचे प्रमाण मोजणे), विस्थापन अभिक्रिया, आंतररेण्वीय बल यांपैकी जे अभ्यासक्रमात शिकवायचेच आहे, ते त्या प्रयोगातून अधिक चांगले शिकवता आले पाहिजे. दुसरी अट अशी की, प्रयोग शाश्वततेविषयी असेल तर त्या प्रयोगात निर्माण होणारा टाकाऊ पदार्थही मोजला जाईल आणि प्रयोगवहीत लिहिला जाईल. ही दुसरी अट पुढे पहिलीपेक्षा फार महत्त्वाची ठरली. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या नेहमीच्या शीर्षकांखाली मी ‘ताळेबंद’ असे आणखी एक शीर्षक वाढवले. त्यात किती ग्रॅम पदार्थ आत गेले, किती ग्रॅम उपयोगी उत्पादित मिळाले आणि उरलेले कोठे गेले, हे लिहायचे असते.

काही जुने प्रयोग या ताळेबंदात टिकण्यासारखे नव्हते. लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइड यांच्या द्रावणांतून मिळणारा लेड आयोडाइडचा पिवळा अवक्षेप फार सुंदर दिसतो, यात शंका नाही. परंतु दुहेरी अपघटन समजावण्यासाठी शिसे आवश्यक नाही. कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम कार्बोनेट यांच्यापासून मिळणारा पांढरा अवक्षेप तेच शिकवतो आणि तो कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे खडूच असतो. जे प्रयोग ठेवले त्यांतील पुष्कळांचे प्रमाण कमी केले. लहान खळगे असलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत थेंबाथेंबाने अभिक्रिया घडवल्या, तर रंगबदल तितकाच स्पष्ट दिसतो आणि संपूर्ण वर्गाचे टाकाऊ द्रावण एका लहान बाटलीत मावते. एखादा पदार्थ वापरावाच लागणार असेल तर कमी वापरा, आणि निर्माण झालेला कचरा साफ करण्यापेक्षा तो मुळातच निर्माण होऊ देऊ नका, ही दिशा पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांतली आहे. मात्र ती बारा तत्त्वे मी फळ्यावर लिहून देत नाही. प्रत्येक तत्त्व एखाद्या प्रयोगात अडचण म्हणून समोर आल्यावरच त्याचे नाव सांगते.

पहिला मोठा प्रयोग तांब्याचा ठेवला. २.५० ग्रॅम स्फटिकी कॉपर सल्फेट १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की ते जवळजवळ ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल) द्रावण होते, आणि त्यात ०.०१ मोल, म्हणजे सुमारे ०.६४ ग्रॅम तांबे असते. वर्षभर वेगवेगळ्या प्रयोगांत उरलेले तांब्याचे द्रावण आम्ही एका लेबल लावलेल्या बाटलीत साठवतो. पण पहिल्यांदा मोजमापासाठी संहती (ठरावीक आकारमानात किती पदार्थ विरघळला आहे ते) ठाऊक असलेले द्रावणच घेतो. प्रश्न असा असतो की, हे तांबे परत कसे मिळवायचे. अभिक्रियाशीलतेची श्रेणी, म्हणजे अधिक क्रियाशील धातू वर ठेवणारी क्रमवारी, शिकलेली असल्याने विद्यार्थी लगेच जस्त सुचवतात, कारण जस्ताने अभिक्रिया जलद होते. येथेच मी थांबते आणि विचारते की, तांबे बाहेर आल्यावर द्रावणात काय उरेल. जस्ताचे क्षार जलचरांना घातक असतात, म्हणजे एक विषारी आयन काढून आपण दुसरा घातला, हे त्यांच्या लक्षात येते. मग लोखंडाचा विचार होतो. लोखंड श्रेणीत तांब्याच्या वरच आहे, अभिक्रिया मंद असली तरी पूर्ण होते, आणि उरणारा फेरस सल्फेट पाण्यातील जीवांना तांब्याच्या क्षाराइतका घातक नसतो. श्रेणीतले स्थान कोणती अभिक्रिया घडू शकते एवढेच सांगते. कोणती घडवावी हे ठरवायला आणखी माहिती लागते, आणि ती निवड नववी-दहावीच्या मुलामुलींना स्वतः करता येते, हे मला या प्रयोगात पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

समीकरणानुसार ०.०१ मोल तांब्यासाठी ०.०१ मोल, म्हणजे ०.५६ ग्रॅम लोखंड पुरते. प्रत्यक्षात थोडे जास्त घ्यावे लागते आणि मग प्रश्न येतो की, अभिक्रिया पूर्ण झाली हे ओळखायचे कसे. निळा रंग नाहीसा होणे हा पुरेसा पुरावा नाही, कारण फिकट निळा आणि फेरस आयनाचा फिकट हिरवा यांतला फरक डोळ्यांना कळणे कठीण असते. म्हणून आम्ही काही थेंब बाजूला घेऊन त्यांत अमोनियाचे द्रावण घालतो. फेरस हायड्रॉक्साइडचा मळकट हिरवा साका खाली बसू द्यायचा आणि वरचे द्रावण पाहायचे. ते गडद निळे असेल तर तांबे अजून शिल्लक आहे. एका विशिष्ट आयनाचा अभाव सिद्ध करणे हे तो आयन असल्याचे दाखवण्यापेक्षा अवघड असते, ही गोष्ट गुणात्मक विश्लेषणाच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकांत क्वचितच अनुभवाला येते.

मिळालेले तांबे गाळून, धुऊन, वाळवून वजन केले की अनेक गटांचा उतारा, म्हणजे अपेक्षित वजनाच्या तुलनेत मिळालेले वजन, शंभर टक्क्यांच्या वर जातो. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम ठाऊक असणाऱ्या विद्यार्थ्याला ही संख्या अस्वस्थ करते, आणि त्या अस्वस्थतेला मी पुरेसा वेळ देते. कारणे तीन संभवतात: न वापरलेले लोखंड मिसळलेले आहे, तांबे ओले आहे, किंवा गरम हवेत वाळवताना त्याच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण झाले आहे. पहिल्यावर उपाय म्हणजे विरल आम्लाने धुणे, कारण त्यात लोखंड विरघळते आणि तांबे विरघळत नाही. दुसऱ्यावर इथेनॉलने धुणे हा उपाय आहे, पण मग ते इथेनॉलही ताळेबंदात लिहावे लागते. अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक तांबे शुद्ध मिळवण्यासाठी आपण किती आम्ल आणि किती इथेनॉल खर्च केले, हे जेव्हा एकाच पानावर येते, तेव्हा ‘पुनर्वापर’ या शब्दाकडे विद्यार्थी अधिक काळजीपूर्वक पाहू लागतात. काही गट ठरवतात की, तांबे पुन्हा सल्फेटच करायचे असेल तर ते कोरडे करण्याची गरजच नाही. असा निर्णय त्यांनी स्वतः घेतला की मला विशेष समाधान वाटते, कारण त्यात उत्पादिताची शुद्धता त्याच्या उपयोगाशी जोडलेली असते.

दुसरा विषय मी समुद्राच्या पाण्याचा निवडला, कारण समतोल आणि सामू (pH, द्रावण किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) या दोन्ही संकल्पना विद्यार्थ्यांना फार अमूर्त वाटतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, आज ते ४२० च्या वर गेले आहे, आणि मानवी उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाजवळील पाण्याचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ०.१ चा फरक ऐकून वर्गातील बहुतेकांना तो नगण्य वाटतो. मग आम्ही गणित करतो. सामू ८.२ असताना हायड्रोजन आयनांची संहती लिटरमागे सुमारे ६.३ नॅनोमोल असते; सामू ८.१ असताना ती सुमारे ७.९ नॅनोमोल होते, म्हणजे साधारण २६ टक्के वाढ. लॉगॅरिदम कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे इतके चांगले उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही.

प्रयोगासाठी दोन नळ्या घेतल्या जातात. एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि रंग निळा येण्यापुरती अगदी किंचित अल्कली असते. दुसरीत सोडिअम बायकार्बोनेटचे लिटरमागे २ मिलिमोल इतके विरल द्रावण असते, कारण समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट आयन साधारण त्याच प्रमाणात असतात. दोन्हींत ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक घालायचा आणि सिरिंजने मोजून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पहिल्या नळीचा रंग चटकन पिवळा होतो, दुसरीला तितक्याच बदलासाठी पुष्कळ अधिक वायू लागतो. बफर, म्हणजे सामूतील बदलाला विरोध करणारे द्रावण, काय करते हे त्या फरकातून कळते. नंतर नळी हलकेच गरम केली की विरघळलेला वायू निघून जातो आणि रंग परत येतो. समतोल उलट दिशेने सरकला. पाणी तापले की वायू कमी विरघळतो, याचा तापणाऱ्या समुद्राशी काय संबंध असेल, हा प्रश्न विद्यार्थी बहुधा स्वतःहूनच विचारतात.

या विषयावर शाळांतून एक लोकप्रिय प्रयोग केला जातो: शिंपल्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून तो विरघळताना पाहायचा. मी तो मुद्दाम टाळते. व्हिनेगरचा सामू ३ च्या खाली असतो, समुद्राचे पाणी आजही अल्कधर्मी आहे आणि पुढेही आम्लधर्मी होण्याची शक्यता नाही. ते दृश्य पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या मनात समुद्र आम्लाने भरत चालल्याचे चित्र तयार होते, आणि खरी अडचण दृष्टीआड होते. खरी अडचण अशी आहे की, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट आयनाशी संयोग पावून बायकार्बोनेट बनवतो. त्यामुळे कवच बांधण्यासाठी लागणारे कार्बोनेट आयन कमी होतात. हे समीकरण अकरावीच्या विद्यार्थ्याला सहज लिहिता येते, मग त्याऐवजी चुकीचे चित्र का दाखवावे?

आमच्या प्रयोगाच्याही मर्यादा मी त्याच तासात मांडते. ब्रोमोथायमॉल ब्लू साधारण ६.० ते ७.६ या पट्ट्यात रंग बदलतो. म्हणजे ८.२ वरून ८.१ वर झालेला बदल या दर्शकाला दिसूच शकत नाही; दोन्ही वेळा द्रावण निळेच राहील. समुद्रशास्त्रज्ञ यासाठी मेटा-क्रेसॉल पर्पल हा दर्शक आणि वर्णपटमापक वापरतात. आपले साधन काय दाखवू शकत नाही, हे साधन हातात असतानाच समजले तर ते पक्के होते, असा माझा अनुभव आहे.

पुढचा प्रयोग बायोडिझेलचा. यावर मी सर्वांत अधिक वेळ देते, कारण शाळेतील जवळजवळ अर्धे रसायनशास्त्र यात येते: एस्टर, उत्प्रेरक, अनुमापन, मर्यादक अभिक्रियाकारक (जो आधी संपल्याने अभिक्रिया थांबते तो पदार्थ), विद्राव्यता, ज्वलनाची उष्णता. वापरलेल्या खाद्यतेलातील ट्रायग्लिसराइडची मिथेनॉलशी अल्कलीच्या सान्निध्यात अभिक्रिया होऊन मेदाम्लांचे मिथाइल एस्टर, म्हणजे बायोडिझेल, आणि ग्लिसरॉल मिळते. मिथेनॉल विषारी आणि अतिशय ज्वलनशील आहे, आणि त्यात सोडिअम हायड्रॉक्साइड विरघळल्यावर तयार होणारे द्रावण त्वचेला आणि डोळ्यांना गंभीर इजा करू शकते. म्हणून हे द्रावण मी स्वतः फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, तयार करते, ज्योत कुठेही पेटवली जात नाही, तापवण्यासाठी केवळ पाण्याचा टब वापरला जातो, आणि तापमान मिथेनॉलच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या, बरेच खाली राखले जाते. सुरक्षा चष्मा आणि हातमोजे न घालणाऱ्याला त्या दिवशी केवळ निरीक्षण करता येते. या बाबतीत सवलत देऊ नये.

तेल वापरलेले असल्यामुळे त्यात मुक्त मेदाम्ले असतात. ती अल्कली खातात आणि तिचा साबण करतात. किती अल्कली जादा घालावी हे अनुमापनाने ठरते. १ मिलिलिटर तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून, फिनॉल्फ्थॅलीन घालून, लिटरमागे १ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड असलेल्या द्रावणाने अनुमापन करायचे. ब्युरेटवर जितके मिलिलिटर येतील तितके ग्रॅम अल्कली प्रत्येक लिटर तेलामागे, ताज्या तेलाला लागणाऱ्या सुमारे ३.५ ग्रॅमच्या वर, जादा घ्यायची. ब्युरेटवर २.५ मिलिलिटर आले तर लिटरमागे ६ ग्रॅम. ‘मिलिलिटरचे ग्रॅम कसे झाले?’ हा प्रश्न येईपर्यंत मी थांबते, कारण एककांचे ते कोडे एका विद्यार्थ्याने फळ्यावर सोडवले की बाकीच्यांना अनुमापनाच्या गणिताची भीती उरत नाही. शिवाय हे अनुमापन खोट्या द्रावणाचे नसते. उत्तर आधी कोणालाच माहीत नसते, मलाही नसते. प्रत्येक नमुन्याचे तेल वेगळे, त्यामुळे शेजारच्या गटाच्या वहीतला आकडा उतरवून काहीच साधत नाही.

अभिक्रियेनंतर मिश्रण स्थिर ठेवले की दोन थर होतात, खाली गडद ग्लिसरॉल आणि वर फिकट एस्टर. थर वेगळे केल्यावर एस्टर पाण्याने धुवावे लागते. ज्या गटांनी जोराने हलवले त्यांच्याकडे तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून राहिलेले पांढरट पायस तयार होते आणि ते सुटायला फार वेळ लागतो, कारण त्यात साबण असतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते, हे पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा त्या नळीत अधिक स्पष्ट दिसते.

यानंतर ताळेबंद. येथे मी ॲटम इकॉनॉमी आणि ई-फॅक्टर या दोन मापांची ओळख करून देते. पहिले बॅरी ट्रोस्ट यांनी १९९१ मध्ये मांडले: अभिक्रियाकारकांच्या एकूण वस्तुमानापैकी किती भाग हव्या असलेल्या उत्पादितात उतरतो. ट्रायओलीन हे तेलातील एक नमुनेदार ट्रायग्लिसराइड धरले तर ८८५ ग्रॅम ट्रायओलीन आणि ९६ ग्रॅम मिथेनॉल यांपासून ८८९ ग्रॅम मिथाइल ओलिएट आणि ९२ ग्रॅम ग्लिसरॉल मिळते. म्हणजे ॲटम इकॉनॉमी सुमारे ९१ टक्के. आकडा पाहून वर्गात आनंद पसरतो. दुसरे माप रॉजर शेल्डन यांचे: एक किलो उत्पादितामागे प्रत्यक्षात किती किलो कचरा निघाला. ५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम तेलासाठी १० मिलिलिटर मिथेनॉल घेतले आणि अभिक्रिया पूर्ण झाली असे मानले, तर सुमारे ४६ ग्रॅम एस्टर, पाच ग्रॅमच्या आसपास ग्लिसरॉल, तीन ग्रॅमच्या आसपास अभिक्रियेत न गेलेले मिथेनॉल आणि थोडी अल्कली. ई-फॅक्टर ०.१७ च्या जवळ येतो. पण धुण्यासाठी २५ मिलिलिटर पाणी तीन वेळा वापरलेले असते. ते धरले की तोच आकडा सुमारे १.८ होतो.

पाणी धरायचे की नाही, यावर दरवेळी वाद होतो आणि तो मी मिटवत नाही. ई-फॅक्टर काढताना पाणी सहसा वगळले जाते, हे मी सांगते. परंतु आमच्या पाण्यात अल्कली, साबण आणि मिथेनॉल उतरलेले असते, त्याला निव्वळ पाणी म्हणता येत नाही, असे विद्यार्थी म्हणतात आणि त्यांचे म्हणणे बरोबर असते. पाठोपाठ मिथेनॉलचा प्रश्न येतो. जगातील बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनते. म्हणजे ‘जैव’ इंधनाच्या रेणूतील एक कार्बन जीवाश्मच असतो. यावरून बायोडिझेल निरुपयोगी ठरत नाही. टाकून दिल्या जाणाऱ्या तेलापासून इंधन मिळते, ही बाजू खरी आहेच. मला एवढेच हवे असते की विद्यार्थ्याने ‘हरित’ हा शब्द वापरण्यापूर्वी प्रत्येक कार्बन कोठून आला हे विचारावे, आणि त्याचे उत्तर त्याला समीकरणातून शोधता यावे.

औद्योगिक पातळीवर असा विचार कसा फळतो याचे उदाहरण म्हणून मी आयब्युप्रोफेनचा इतिहास सांगते. त्याची मूळची सहा टप्प्यांची पद्धत सुमारे ४० टक्के ॲटम इकॉनॉमीची होती. नंतर आलेली तीन टप्प्यांची पद्धत ७७ टक्क्यांची, आणि तिच्यात उपउत्पादित म्हणून मिळणारे ॲसेटिक आम्लही परत वापरता येते. अणू तेच, औषध तेच, मार्ग वेगळा. स्वतःच्या वहीत आकडेमोड केलेली असल्याने विद्यार्थ्यांना या टक्केवारीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

स्टार्चपासून जैवप्लास्टिक करण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांना सर्वाधिक आवडतो. मला त्यात सर्वाधिक सावध राहावे लागते. स्टार्च, पाणी, थोडे विरल आम्ल आणि ग्लिसरॉल तापवून पातळ थर वाळवला की पारदर्शक पापुद्रा मिळतो. ग्लिसरॉल कमी तर पापुद्रा ठिसूळ, जास्त तर मऊ आणि चिकट. स्टार्चच्या साखळ्यांमधील हायड्रोजन बंधांत ग्लिसरॉलचे रेणू शिरतात म्हणून असे होते. एवढा भाग उत्तम रसायनशास्त्र आहे. पुढचा निष्कर्ष मात्र, की वनस्पतीपासून बनले म्हणजे ते निसर्गात विरून जाईल, चुकीचा आहे. ऊसापासूनच्या इथेनॉलपासून बनवलेले पॉलिइथिलीन वनस्पतिजन्य असूनही विघटनशील नाही. याउलट पेट्रोलियमपासून बनलेले काही पॉलिएस्टर विघटनशील आहेत. पॉलिलॅक्टिक आम्लाचे लवकर विघटन व्हायला औद्योगिक कंपोस्टातील सुमारे ६० अंशांचे तापमान लागते. म्हणून पापुद्र्यांचे तुकडे मातीत, पाण्यात आणि कोरड्या हवेत ठेवून त्यांचे वजन काही आठवडे नोंदवायचे, आणि मगच ‘विघटनशील’ हा शब्द लिहायचा, असा नियम आहे. बायोडिझेलमधून निघालेले ग्लिसरॉल यात वापरावे अशी कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडते. कल्पना चांगली आहे, पण त्या ग्लिसरॉलमध्ये मिथेनॉल आणि अल्कली असतात, त्यामुळे शुद्ध केल्याशिवाय मी ते विद्यार्थ्यांच्या हाती देत नाही.

सहकाऱ्यांनी आणि पालकांनी परीक्षेविषयी काळजी व्यक्त केली, ती स्वाभाविक होती. वेळ जास्त लागतो हे खरे आहे. तांब्याचे एक प्रात्यक्षिक पूर्वीच्या दोन प्रात्यक्षिकांची जागा घेते. परंतु मर्यादक अभिक्रियाकारक, टक्केवारी उतारा आणि संहती यांवरची उदाहरणे आता मला वेगळी घालावी लागत नाहीत, ती ताळेबंदात होऊन जातात. गुण देताना मी कमी कचरा निघाला म्हणून जास्त गुण देत नाही. तसे केले तर आकडे सजवले जातील. गुण दिले जातात ते आकड्यांमागच्या कारणांना: हरवलेले वस्तुमान कोठे गेले याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण, आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची तर कोणती, याचे उत्तर.

आणखी एक बाब येथे नोंदवते. या वयातील मुलेमुली पर्यावरणाविषयी पुष्कळ ऐकून असतात, आणि त्यातले बरेचसे निराश करणारे असते. हवामानबदलावर बोलायला लागले की काही जण गप्प होतात. त्यांना दिलासा देण्याचे शब्द माझ्याकडे नाहीत, पण लेबल लावलेली बाटली, वजनकाटा आणि सोडवता येण्याजोगे गणित असते. ०.६४ ग्रॅम तांब्यापैकी किती परत आले, हा प्रश्न छोटा आहे. त्याचे उत्तर मात्र त्यांच्या हाताने मिळते, आणि ते मिळवताना त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे.

सध्या आमच्यापुढे बायोडिझेल धुण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. सर्व पाणी एकदम घालण्यापेक्षा थोडे थोडे करून अनेकदा धुणे अधिक परिणामकारक असते, हे निष्कर्षणाच्या सिद्धान्तावरून विद्यार्थ्यांनी ओळखले आहे. त्यापुढे जाऊन एका गटाने सुचवले की, शेवटच्या धुण्याचे जवळजवळ स्वच्छ पाणी पुढच्या नमुन्याच्या पहिल्या धुण्यासाठी वापरावे, म्हणजे ताजे पाणी प्रत्येक नमुन्यामागे तीनऐवजी दोनदाच लागेल. हे जमते की नाही हे ठरवण्यासाठी प्रत्येक टप्प्यातील पाण्यात किती अल्कली उतरली ते ०.०१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करून मोजायचे ठरले आहे. साबणामुळे अनुमापनाचा अंतिम बिंदू धूसर होईल अशी शंका दुसऱ्या गटाने घेतली आहे, आणि ती रास्त आहे. त्यामुळे आधी साबणाचे ठाऊक प्रमाण असलेल्या द्रावणावर दोन वेगवेगळे दर्शक तपासून पाहायचे, आणि त्यानंतरच मुख्य मोजमाप सुरू करायचे, असा क्रम त्यांनी लिहून दिला आहे.